वैनगंगेचे बारीक सोने आणि मेटल डिटेक्टरची निवड
(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)

"चकाकते ते सारे सोने नसते" ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली. पण मित्रांनो, याची उलटी बाजूही तितकीच खरी आहे. जे सोने असते ते सगळे चकाकत नाही आणि मशीनखाली धरले तर ते सगळे वाजतही नाही! हे दुसरे वाक्य कुठल्याही म्हणीत नाही, म्हणून हा लेख.

भंडारा म्हटले की पितळेची भांडी, धानाची शेती, तलाव आणि वैनगंगेची रेती आठवते. पण याच रेतीत सोने असते हे आपल्या हॉस्टेलमधल्या किती जणांना माहीत आहे? मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. तिथे ऑस्ट्रेलियातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या गोल्ड रशबद्दल भरपूर शिकवलं, पण वैनगंगेच्या सोन्याबद्दल एक ओळही नव्हती. फिजिक्स मराठीत लिहायची सवय नसल्यामुळे इंग्रजी शब्द जागोजागी येतील, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१. नदीत सोने येते कुठून?

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते आणि बालाघाट, गोंदिया, भंडारा अशी खाली येते. हा सगळा पट्टा फार जुन्या खडकांचा आहे. साकोलीच्या आजूबाजूच्या खडकांना भूगर्भशास्त्रात 'साकोली ग्रुप' असेच नाव आहे, आणि या पट्ट्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याच्या खुणा सापडलेल्या आहेत. खडकातल्या गारेच्या शिरांमध्ये सोने अडकलेले असते. ऊन, पाऊस आणि हजारो वर्षे यांनी खडक झिजतो, सोन्याचे कण सुटतात आणि पाण्याबरोबर खाली येतात. सोने जड, म्हणून पाण्याचा वेग जिथे कमी होतो तिथे (नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या मागे, खडकाच्या भेगांत) ते बसते.

हे सोने वेचणारा समाज म्हणजे सोनझरी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली सोनझरी हे नाव आहे. लाकडी पाटीत रेती घेऊन पाण्यात हलकेच घोळवायची, हलकी रेती वाहू द्यायची आणि तळाशी राहिलेल्या काळ्या रेतीतून सोने काढायचे, हे त्यांचे पिढीजात काम. नदीत काम नसेल तेव्हा शहरातल्या सराफा ओळीतली नालीची माती आणि दुकानांची झाडलोट धुऊन त्यातून सोने काढतात. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात.

२. प्रश्न कसा पडला?

माझी एक मैत्रीण याच समाजातली. तिच्या आईच्या बचत गटाला एका फिरत्या विक्रेत्याने एक 'गोल्ड डिटेक्टर' दाखवला. किंमत पस्तीस हजार. गटाने कर्ज काढून तो घ्यायचा असं जवळजवळ ठरत आलं होतं. मैत्रिणीच्या आईने मला साधाच प्रश्न केला, "बेटा, हे मशीन घेतली त दिवसभर पानीत उभं राहाचं काम सुटल का?"

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला याचे उत्तर देता आलेच पाहिजे! म्हणून मी लायब्ररीतली पुस्तके काढली, लॅबमध्ये सरांना त्रास दिला आणि जे समजले ते इथे क्रमाने मांडत आहे.

३. डिटेक्टर चालतो कसा?

बारावीचा फॅरडे आणि लेन्झ आठवा. कॉइलमधून बदलता करंट सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे करंट फिरतात. यांनाच एडी करंट म्हणतात. हे करंट स्वतःचे क्षेत्र तयार करतात आणि डिटेक्टर ते ऐकतो. म्हणजे डिटेक्टर 'सोने' ओळखत नाही, तो फक्त एडी करंट ओळखतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

हे तंत्र जुने आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने शरीरातली गोळी शोधायला असेच उपकरण वापरून पाहिले. गोळी सापडली नाही. उपकरण चालत होते, पण पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली होती. धडा असा की यंत्र चांगले असून भागत नाही, आजूबाजूला काय आहे तेही बघावे लागते.

आजचे डिटेक्टर मुख्यतः दोन जातींचे असतात.

व्हीएलएफ : यात कॉइलमध्ये सतत साइन वेव्ह चालू असते. परत आलेला सिग्नल किती मागे पडला (फेज) यावरून धातूचा अंदाज येतो. लोखंड आणि बाकीचे धातू काही प्रमाणात वेगळे करता येतात.

पल्स इंडक्शन (पीआय) : यात करंटचा एक जोरदार धक्का देऊन तो एकदम बंद करतात. थोडे थांबून धातूतले करंट कसे विझत आहेत ते ऐकतात. लोहयुक्त जमिनीचा त्रास यात कमी आणि खोली जास्त मिळते. पण 'थोडे थांबून' हे दोन शब्दच बारीक सोन्याच्या मुळावर येतात. कसे ते आता बघू.

४. सगळा खेळ कणाच्या आकाराचा

धातूच्या गोळीतले करंट विझायला जो वेळ लागतो त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात. गोल कणासाठी तो धातूच्या कंडक्टिव्हिटीच्या आणि त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे कण दहापट लहान झाला की टाइम कॉन्स्टंट शंभरपट कमी होतो! शुद्ध सोन्यासाठी मी आकडेमोड केली ती अशी :

व्यास १० मिमी : वजन सुमारे १० ग्रॅम, टाइम कॉन्स्टंट १४३ मायक्रोसेकंद, अनुरूप फ्रिक्वेन्सी १.१ किलोहर्ट्झ.
व्यास ३ मिमी : वजन ०.२७ ग्रॅम, टाइम कॉन्स्टंट १३ मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सी १२ किलोहर्ट्झ.
व्यास १ मिमी : वजन १० मिलिग्रॅम, टाइम कॉन्स्टंट १.४ मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सी ११० किलोहर्ट्झ.
व्यास ०.२ मिमी : वजन ०.०८ मिलिग्रॅम, टाइम कॉन्स्टंट ०.०६ मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सी २.८ मेगाहर्ट्झ.

'अनुरूप फ्रिक्वेन्सी' म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला तो कण चांगला प्रतिसाद द्यायला लागतो ती. त्याच्या बरीच खाली राहिलात तर कण जवळजवळ गप्प बसतो.

आता पीआय घ्या. धक्का बंद केल्यावर मशीन १० मायक्रोसेकंद थांबले असे समजू. ३ मिमीच्या कणाचा सिग्नल तोपर्यंत निम्म्याच्या आसपास उरतो. १ मिमीच्या कणाचे मात्र सात टाइम कॉन्स्टंट होऊन गेलेले असतात आणि सिग्नल हजाराव्या हिश्श्याच्याही खाली जातो. आपण ऐकायला कान लावतो तेव्हा बोलणारा बोलून गेलेला असतो!

नदीचे सोने शुद्ध नसते, त्यात थोडी चांदी असते. मिश्रधातूची कंडक्टिव्हिटी शुद्ध धातूपेक्षा कमी, म्हणजे खरी परिस्थिती या आकड्यांपेक्षा आणखी वाईट.

मैत्रिणीच्या आईने एका छोट्या बाटलीत जमवलेले सोने मी भिंगाखाली पट्टीवर ठेवून पाहिले. एका मिलिमीटरच्या घरात चार-पाच कण सहज बसत होते. म्हणजे आपण वरच्या यादीतल्या शेवटच्या ओळीत आहोत. अशा एका ग्रॅमसाठी बारा हजारांच्या वर कण लागतात.

कोणी म्हणेल, एक कण नाही वाजला तरी पुष्कळ कण मिळून वाजतील की! हा प्रश्न मलाही पडला होता. कमी फ्रिक्वेन्सीच्या बाजूला एका कणाचा सिग्नल त्रिज्येच्या पाचव्या घाताने बदलतो. १ मिमीच्या एका कणाच्या वजनाएवढे ०.२ मिमीचे १२५ कण होतात, पण प्रत्येकाचा सिग्नल ३१२५ पट कमी. म्हणजे सगळे मिळूनही सिग्नल पंचविसावा हिस्साच. तेही सगळे एकाच जागी गोळा करून ठेवले तर. नदीत ते ढिगाऱ्याभर रेतीत विखुरलेले असतात.

५. तरीही डिटेक्टर घ्यायचाच असेल तर

सगळे सोने पिठासारखे नसते. गहू-ज्वारीच्या दाण्याएवढे कण शोधायचे असतील किंवा शेतात, अंगणात, नदीच्या घाटावर हरवलेला दागिना शोधायचा असेल, तर डिटेक्टर उपयोगाचा आहे. तेव्हा निवडताना हे मुद्दे बघा.

(अ) फ्रिक्वेन्सी : नाणी शोधायचे साधे डिटेक्टर ५ ते १५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. बारीक सोन्यासाठी जास्त फ्रिक्वेन्सी हवी. गॅरेटचे एटी गोल्ड १८ वर, मिनलॅबचे गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर आणि फिशरचे गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर चालते. यादीतले आकडे बघितले की हा क्रम का लागतो ते कळेल. मग थेट मेगाहर्ट्झ का नाही? कारण तिथे ओली जमीन आणि क्षार स्वतःच ओरडायला लागतात, आणि कणाचे आकारमानच इतके कमी की त्याचा आवाज त्यात बुडून जातो.

(ब) कॉइल : मोठी कॉइल म्हणजे मोठी खोली, हे मोठ्या वस्तूसाठी खरे आहे. बारीक कणासाठी लहान कॉइल घ्यावी आणि जमिनीला जवळजवळ घासून फिरवावी. लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट की सिग्नल ६४ पट कमी! कॉइल दोन बोटे वर धरणे इथे महागात पडते.

(क) ग्राउंड बॅलन्स : आपल्याकडे काही भागांत जमीन लाल, लोहयुक्त आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. नदीतल्या काळ्या रेतीत मॅग्नेटाइट असते. हे सगळे डिटेक्टरला खोटा सिग्नल देते. म्हणून ज्याचा ग्राउंड बॅलन्स हाताने लावता येतो किंवा जो आपोआप जमिनीचा माग ठेवतो, तोच घ्यावा. नुसता 'सेन्सिटिव्हिटी'चा खटका असलेला नको.

(ड) डिस्क्रिमिनेशन : स्क्रीनवर 'गोल्ड' असे लिहून आले म्हणजे सोनेच, असे नाही. बारीक सोने, चॉकलेटची चांदी, गुटख्याची पुडी हे सगळे एकाच आकड्याच्या आसपास येतात. चांदी-कागद टाळायला गेलात तर सोनेही टळते. बारीक सोने शोधणारा माणूस हे फिल्टर बंद ठेवतो आणि प्रत्येक आवाजाला खणतो. भंडाऱ्यात पितळेचे तुकडे किती निघतील याचा हिशेब आपापल्या कमरेने करावा!

(इ) दागिन्याचा आकार : अंगठी हे बंद कडे असल्याने तिच्यात करंट छान फिरतो, ती लवकर सापडते. तीच तुटलेली असेल तर सिग्नल एकदम पडतो. साखळीच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे मशीनला साखळी म्हणजे सुट्या बारीक कड्यांची रांगच वाटते. नाकातली फुली तर सर्वात अवघड. म्हणून शेतात डोरलं किंवा फुली पडली असेल तर लहान कॉइल, जास्त फ्रिक्वेन्सी आणि आधी चाळणी!

(फ) किंमत : जीपीएक्स ६००० सारख्या वरच्या दर्जाच्या यंत्राची किंमत काही हजार डॉलर असते. ही यंत्रे ऑस्ट्रेलियातल्या जमिनीसाठी बनलेली आहेत, जिथे ढेकूळच्या ढेकूळ सोने सापडू शकते. १९८० मध्ये व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ 'हँड ऑफ फेथ' नावाचा २७ किलोचा गोळा डिटेक्टरनेच सापडला. वैनगंगेचा इतिहास वेगळा, भूगोल वेगळा. तिकडची जाहिरात वाचून इकडे खरेदी करू नये.

६. अँटेनावाले मशीन

आता त्या पस्तीस हजारांच्या मशीनकडे येऊ. त्याला कॉइलच नव्हती! एक हँडल, त्यावर मोकळी फिरणारी अँटेना, आणि दावा काय तर पन्नास मीटरवरून फक्त सोने ओळखते. याला 'लाँग रेंज लोकेटर' म्हणतात. सहाव्या घाताचा नियम माहीत असलेल्याला पन्नास मीटर ऐकूनच हसू यावे. अँटेना वळते ती हाताच्या नकळत झालेल्या हालचालीने.

पण हसण्यावारी नेऊ नका. गोल्फचा चेंडू शोधायच्या गमतीच्या खेळण्यावरून बनवलेले 'एडीई ६५१' नावाचे असेच उपकरण बॉम्ब शोधक म्हणून इराकला विकले गेले आणि तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरले गेले. त्यात चालणारे इलेक्ट्रॉनिक्स काही नव्हते. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली. तिथे माणसांचे जीव गेले, इथे बचत गटाचे पैसे जातात.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. दहा सारखे कप पालथे घाला, एकाखाली अंगठी ठेवा. कुठे ठेवली ते विक्रेत्याला आणि समोर उभ्या असलेल्या कोणालाही माहीत नको. ठेवणाऱ्याने बाहेर जायचे. नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता दहात एक, लागोपाठ दोनदा यायची शंभरात एक. खरा डिटेक्टर दहापैकी दहा वेळा सांगेल.

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीने हीच चाचणी गटाच्या बैठकीत घेतली. पहिल्यांदा अँटेना ज्या कपावर वळली त्याखाली काहीच नव्हते. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा विक्रेता म्हणाला की हवेत दमटपणा आहे. कर्जाचा अर्ज तिथेच फाडला गेला.

७. मग पाण्यात उभे राहायचे काम कसे सुटेल?

खरा प्रश्न तर हाच होता. बारीक सोन्याचे सर्वात चांगले डिटेक्टर म्हणजे गुरुत्वाकर्षण. सोन्याची घनता १९.३, साध्या रेतीची २.६५, मॅग्नेटाइटची ५.२. पाण्यात प्रत्येकातून एक वजा होतो. म्हणजे सोने आणि रेतीचे गुणोत्तर ११, सोने आणि काळ्या रेतीचे ४.४. मिनरल इंजिनिअरिंगमध्ये हे गुणोत्तर २.५ च्या वर असेल तर पाण्याने वेगळे करणे सोपे समजतात. सोनझरीची पाटी पिढ्यान् पिढ्या हेच करत आली आहे, फक्त तिला कोणी 'कॉन्सन्ट्रेशन क्रायटेरियन' म्हटले नाही.

म्हणून सुधारणा करायची तर पाटीच्याच रस्त्याने करावी. लाकडी किंवा पत्र्याची उतरती पन्हळ, तिच्या तळाला आडव्या पट्ट्या आणि खाली खरखरीत कापड किंवा रबरी चटई. वरून चाळलेली रेती आणि पाणी सोडायचे. सोने पट्ट्यांमागे बसते, रेती वाहून जाते. याला स्लूस म्हणतात. पाण्यात वाकून उभे राहण्याऐवजी काठावर उभे राहून काम होते, आणि एका माणसाच्या हातून जास्त रेती जाते. काळी रेती वाळवून लाउडस्पीकरच्या जुन्या लोहचुंबकाने मॅग्नेटाइट काढून टाकले की पाटीत शेवटचे धुणे थोडेच उरते. आमच्या मेकॅनिकलच्या मित्रांनी मिनी प्रोजेक्टसाठी असा विषय घ्यायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र ताबडतोब बदलायला हवी, ती म्हणजे पारा. बारीक सोने गोळा करायला पारा वापरतात आणि मग तो गोळा तापवून पारा उडवतात. पारा ३५७ अंशांना उकळतो, सोने १०६४ ला वितळते. म्हणजे सोने राहते आणि पारा वाफ होऊन घरात पसरतो. ती वाफ मज्जासंस्थेला आणि किडनीला अपाय करते, लहान मुलांना जास्तच. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाटा करारावर भारताने २०१८ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. झाकण आणि थंड होणारी नळी असलेल्या बंद भांड्यात (रिटॉर्टमध्ये) तापवले तर बराचसा पारा परत मिळतो. पण पन्हळ आणि चुंबक नीट वापरून पाराच न लागणे हे सर्वात उत्तम. स्वयंपाकाच्या चुलीवर तर हे काम कधीच करू नये.

८. कायद्याचे दोन शब्द

डिटेक्टर हातात आला की गुप्तधनाचा विचार डोक्यात येतोच. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत लपलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते. संरक्षित स्मारकांच्या जागी खणणे १९५८ च्या कायद्याने बंद आहे. आपल्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. अशा गावात हौस म्हणून खणणाऱ्याच्या हाताने इतिहास फुटतो. सोने हे १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालचे खनिज आहे, त्यामुळे परवान्याशिवाय त्याचा शोध आणि खाणकाम करता येत नाही. आणि गुप्तधनाच्या नावावर अमानुष प्रकार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

निष्कर्ष

१) आधी कण मोजा, मग मशीन निवडा. कंपनीचे नाव शेवटी.
२) दाण्याएवढ्या सोन्यासाठी किंवा दागिन्यासाठी जास्त फ्रिक्वेन्सी, लहान कॉइल आणि चांगला ग्राउंड बॅलन्स असलेला व्हीएलएफ.
३) ढेकळाएवढ्या आणि खोलवरच्या सोन्यासाठी पीआय.
४) वैनगंगेच्या पिठासारख्या सोन्यासाठी पन्हळ, चुंबक आणि पाटी.
५) अँटेनावाले मशीन कशासाठीच नाही.
६) पैसे देण्याआधी दहा कपांची चाचणी घ्या.

मित्रांनो, आपण सुट्टीत घरी गेलो की गावात कोणी ना कोणी विचारतोच, "तू इंजिनिअर होतेस ना, मग हे मशीन घेऊ का?" मग ते सोन्याचे असो, बोअरचे पाणी दाखवणारे असो की लाइट बिल अर्धे करणारे डबडे असो. विचारणाऱ्याचे वर्षभराचे पैसे त्या उत्तरावर ठरतात. तेव्हा "हो, घ्या" म्हणायच्या आधी एक पान आकडेमोड करा आणि दहा कप मांडा. आपल्या शिक्षणाचा एवढा उपयोग गावाला झाला तरी पुष्कळ झाले.